सायबर सुरक्षेचे शिक्षण घेताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पीयूसी (बारावी) झालेली मुले सायबर सुरक्षेची वाट विचारायला येतात, तेव्हा ‘काय शिकू?’ याआधी ‘किती दिवसांत होईल?’ असे विचारतात, आणि पुढच्या बहुतेक चुका या घाईतूनच होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नेटवर्किंग न शिकता थेट हॅकिंगच्या क्लासला नाव घालणे. खानापूर तालुक्यातील एक मुलगा पंचेचाळीस दिवसांचा कोर्स करून, लॅपटॉपवर काली लिनक्स ही हॅकिंगच्या टूल्सची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून माझ्या हाताखाली उमेदवारीला आला होता. पहिल्याच आठवड्यात तो धावत येऊन म्हणाला, “सर, एक हॅकर सारखा पासवर्ड टाकून बघत होता, मी त्याचा आयपी ब्लॉक केला.” लॉगमधील, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमधील, आयपी पत्ता १९२.१६८.१.४० असा होता. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले असून इंटरनेटवर ते चालत नाहीत, म्हणजे हा हॅकर आमच्याच छताखाली होता. तो निघाला हिशेब विभागातील स्कॅनर. सर्व्हरचा पासवर्ड बदलल्यावर नवा पासवर्ड त्यात कोणी भरलाच नव्हता. दुपारपर्यंत बिलांचे काम अडून राहिले. मुलाला टूल्सची नावे तोंडपाठ होती, पण सबनेट (मोठ्या नेटवर्कचा लहान भाग) म्हणजे काय हे त्या क्लासमध्ये कोणी सांगितले नव्हते.

तेव्हापासून पहिला महिनाभर मी कोणालाही नवे टूल उघडू देत नाही. वायरशार्क हा नेटवर्कवरची माहितीची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम लावून एखादे संकेतस्थळ उघडायचे, आणि डीएनएसची विचारणा (नावावरून पत्ता शोधणे) व टीसीपीने दोन यंत्रे जोडली जातानाचे सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक हे तीन टप्पे वहीत हाताने उतरवून काढायचे, एवढेच काम असते. कंटाळून दोघेतिघे निघून जातात. मी त्यांना थांबवत नाही.

पदवीची गरज नाही, हे अर्धसत्य आहे. काम कौशल्यावर मिळते हे खरे, पण अर्जांची पहिली चाळणी अनेक ठिकाणी पदवीवरच होते, म्हणून बीसीए किंवा बीई अर्धवट सोडू नये. डिप्लोमा झालेल्यांना डीसीईटी ही कर्नाटकातील प्रवेश परीक्षा देऊन बीईच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

सीआयएसएसपी या सायबर सुरक्षेतील वरच्या पातळीच्या प्रमाणपत्राच्या मागे आताच लागू नये, कारण पूर्ण प्रमाणपत्रासाठी पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि संबंधित पदवी असली तरी त्यातले एकच वर्ष माफ होते.

सराव म्हणून गावच्या पतसंस्थेचे संकेतस्थळ चाचपून पाहू नये. परवानगीवाचून शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये बसते, आणि हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सरावासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) मेटास्प्लॉइटेबल हे सरावाचे आभासी यंत्र टाकून घ्यावे. ते मोडण्यासाठीच बनवलेले आहे.

मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजीच्या धास्तीने अहवाल लिहायचे टाळतात. काय घडले, किती वाजता, कोणत्या यंत्रावर, हे मी आधी मराठीत लिहून घेतो आणि मग इंग्रजीत करायला लावतो. स्कॅनरचा अहवाल त्या मुलाने तीनदा लिहिला. तिसरा जेमतेम अर्धे पान भरला आणि त्यात ‘हॅकर’ हा शब्द कुठेच नव्हता.