ऊसतोडीची पोरं शाळेत टिकवायची, तर पोळ्यालाच कामाला लागा

मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. दसरा-दिवाळीला आमच्याकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे हलतात, वर्ग निम्मा होतो आणि पोरं परततात ती थेट मार्च-एप्रिलला. गृहभेटी दिवाळीनंतर काढल्या तर घराला कुलूपच भेटतं. पोळा झाला की निघा. तोवर बहुतेकांनी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, कारखानाही ठरलेला असतो.

"पोराला नेऊ नका" हे सांगत बसू नका; न्यायची हौस कुणालाच नसते. मागे कोण राहतंय, ते विचारा. आजी असेल तर सगळं तिच्या गुडघ्यांवर आहे. तिला दोन वेळचा स्वयंपाक झेपत नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीला बसवून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवा. मोठ्या मुलींचं अवघड. आई मागे ठेवायला धजत नाही, आणि नेली की कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) धाकट्याला तीच सांभाळते. तिथे एका खेपेत भागत नाही. शाळेतल्या बाईंना सोबत न्या, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात (मुलींच्या सरकारी निवासी शाळेत) जागा आहे का तेही आधीच विचारून ठेवा.

जाणाऱ्याला शिक्षण हमी कार्ड द्या, ते दाखवून पोराला तिकडच्या शाळेत बसता येतं. वडिलांसोबत मुकादमाचाही, म्हणजे टोळी नेणाऱ्याचाही, नंबर घ्या. वडिलांचा रिचार्ज संपतो, मुकादमाचा कधीच नाही. कारखान्याजवळच्या शाळेत स्वतः फोन करा. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तरी अडवतात, म्हणून फोन.

परत आल्यावर "इतके दिवस कुठं होतास?" हा प्रश्न वर्गात नको. वाचन मागे पडलेलं असतं, ते बाजूला बसवून घ्या. हिशेब मात्र पक्का असतो, तिथून सुरुवात करा. मी फळ्यावर लिहितो: टनाला 366 रुपये दर, 50,000 रुपये उचल, फिटायला किती टन? (हा दर 2024 च्या करारातला.) पुस्तकातल्या भागाकाराला तोंड फिरवणारा पोरगा 137 वर येतो आणि वर विचारतो, "सर, खाडे धरायचे का?" धरायचे. पुढचं गणित त्यानेच घालून दिलं.

आठवीच्या मुलांना एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवाच. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. अट अशी की सातवीला 55 टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना 50) आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. अडचण अशी की परीक्षा बहुधा डिसेंबरात, म्हणजे पोरगा फडात असताना येते. त्या दिवशी त्याला आणायचं कुणी आणि एसटीचं भाडं कुणी द्यायचं, हे टोळी निघण्याआधी बापाशी आणि मुकादमाशी बोलून घ्या. उत्पन्नाचा दाखला आणि मुलाच्या नावाचं आधार जोडलेलं बँक खातं ऑगस्टपर्यंत उरकून टाका. नंतर सही करायला आई-बाप गावात नसतात.