ऑक्टाव्हिया आरएसला रिमॅप मारायचाय? आधी बॅटरीचं बघा

घरीच रिमॅप (इंजिनच्या कंप्युटरमधली फाइल बदलून पॉवर वाढवणं) मारायचा तर काय काय तयारी लागते हे आतापर्यंत चार जणांनी विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. माझी गाडी ऑक्टाव्हिया आरएस २३०, २०१७ ला इथे आलेली, २ लिटर टीएसआय, कागदावर २३० पीएस आणि ३५० एनएम, सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसरी कुठली टर्बो पेट्रोल असेल तर आकडे वेगळे, तयारी साधारण हीच. आणि हे सगळं मी आधी घाण करून शिकलोय. ६२ टक्क्यांवर फ्लॅश (लॅपटॉपवरून नवी फाइल गाडीत टाकणं) अडकला, गाडी जागेवर मेली, डॅशबोर्डवर दिवाळी, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीतून फ्लॅटबेडवर चढवताना वॉचमनकाका हळूच विचारतायत, "साहेब, हप्ता थकला का?"

कारण एकच, बॅटरी. लॅपटॉप चार्ज, केबल घट्ट, विंडोज अपडेट बंद, स्लीप मोड बंद हे सगळं केलेलं, ते सगळेच करतात. बॅटरीला सपोर्ट नव्हता.

काय होतं बघा. फ्लॅश करताना इग्निशन ऑन पण इंजिन बंद, म्हणजे अल्टरनेटर शून्य, सगळा लोड बॅटरीवर. त्यात ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, प्रोग्रॅमिंग मोडमध्ये गेला की रेडिएटरच्या पंख्याला सांगणारं कोणी उरत नाही, मग तो आपला सेफ्टी म्हणून फुल स्पीडला सुटतो. मला हे माहीतच नव्हतं, पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा दचकून दोन पावलं मागे गेलो. बॅटरी चार वर्षांची, सकाळी मीटरवर १२.४ व्होल्ट दाखवत होती, म्हटलं चालतंय. पार्किंगमध्ये अंधार म्हणून ऑटोवरचे हेडलाइटपण लागलेले, ते लक्षातच नाही. दहाव्या मिनिटाला ११.६, आणि बार जो थांबला तो थांबलाच. आणि हो, चार्जर लावला होता मी! बाईकच्या बॅटरीचा, ४ अँपिअरचा. टाकीला खाली भोक आणि वरून चमच्याने पाणी.

तर चार्जर नाही, बॅटरी सपोर्ट युनिट पाहिजे, जे १३.५ व्होल्टच्या आसपास धरून ठेवेल आणि ५०-७० अँपिअर सलग देईल. विकत घ्यायची गरज नाही, बऱ्या वर्कशॉपमध्ये असतं, ओळखीत मागा, भाड्याने आणा, काही करा. दुसऱ्या गाडीवरून जंपर लावून तिचं इंजिन चालू ठेवायचं हा जुगाड नको, त्याचं व्होल्टेज वरखाली होतं. प्लस बॅटरीच्या प्लसला, मायनस मात्र बॉडीच्या अर्थ पॉइंटला, कारण बॅटरीच्या मायनसवर सेन्सर बसलेला असतो. हेडलाइट ऑटोवरून काढून बंद, एसीचा ब्लोअर बंद, दारं उगाच उघडझाप करायची नाहीत. आणि ते युनिट घरच्या लाइटवर चालतं, तर पुण्यात असाल तर गुरुवारी हा उद्योग करू नका, मेंटेनन्सला लाइट कधी जाईल सांगता येत नाही. सपोर्ट लावल्यावर इग्निशन ऑन करून पाच मिनिटं मीटर बघत बसा. १३ च्या खाली आलं तर लॅपटॉप उघडूसुद्धा नका.

बाकीचं. आधी स्कॅन मारा, जुने एरर असतील तर ते आधी मिटवा, मिसफायर असलेल्या गाडीवर रिमॅप म्हणजे ताप असताना जिमला जाणं. या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं हाउसिंग गळतं, कूलंट कमी होतंय का बघा. स्पार्क प्लग नवीन, एक हीट रेंज थंड, गॅप ०.६ मिमीच्या आसपास, जास्त बूस्टला (टर्बोच्या हवेच्या दाबाला) मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझते. कॉइल पॅक जुने असतील तर तेही बदला.

पेट्रोल. पंपावरचं साधं पेट्रोल आता ई२० (२० टक्के इथेनॉल), ऑक्टेन ९५ च्या घरात. युरोपातल्या ट्यूनरची फाइल बऱ्याचदा ९८ धरून केलेली असते, ती तशीच मारली की नॉक होतं (पेट्रोल सिलिंडरमध्ये भलत्या वेळी आपोआप पेटतं), ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो आणि घेतलेली पॉवर परत जाते. त्यामुळे फाइल मागताना ९५ ची मागा, किंवा कायम एक्सपी१०० (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल) भरायची तयारी ठेवा, खिशाला कात्री लागते. जे ठरवाल ते आधी दोन टाक्या भरून चालवा. स्टेज वनला (फक्त फाइल, मोठे पार्ट न बदलता) ३०० पीएस सांगतात, आपल्या उन्हात आणि आपल्या पेट्रोलवर थोडं कमीच धरा.

ओरिजिनल फाइल दोन ठिकाणी सेव्ह. स्टॉकवर असतानाच थर्ड गिअरचा एक लॉग (चालत्या गाडीच्या सेन्सरच्या आकड्यांची नोंद) काढून ठेवा, नंतर तुलनेला काहीतरी हवं.

गिअरबॉक्स. डीएसजीचं तेल दर ६०,००० किमीला बदलायचं असतं, झालं नसेल तर आधी ते. ४०० एनएमच्या वर जायचं तर गिअरबॉक्सचा कंप्युटरही फ्लॅश करावा लागतो, आणि तेव्हाही बॅटरी सपोर्ट! "हा फ्लॅश छोटाच आहे" म्हणून काढून ठेवू नका, माझा मित्र काढत होता, मी हात धरला.

कागदपत्रं हा कंटाळवाणा भाग. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळे बदल करायला मनाई करतं, इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी हेच पुढे करू शकतात. वॉरंटी उरली असेल तर ती गेली समजा.

अडकलाच तर घाबरून इग्निशन बंद करू नका, केबल ओढू नका, सपोर्ट चालू ठेवून तीच फाइल परत टाकून बघा, कधीकधी घेतो. माझा नाही घेतला, कारण बॅटरीच संपलेली. ईसीयू काढून बेंचवर उघडून रिकव्हर केला, १८ हजार, वर फ्लॅटबेडचे ४ हजार. सपोर्ट युनिटचं दिवसाचं भाडं सातशे रुपये होतं.

झाल्यावर एरर क्लिअर, थ्रॉटल अडॅप्टेशन (थ्रॉटलची सेटिंग परत शिकवणं), दहा मिनिटं हळू. मग लॉग, डायनोवर (गाडी जागेवर चालवून पॉवर मोजायचं मशीन) जमलं तर उत्तम, रस्त्यावर शर्यत नको. नॉक कुठल्या सिलिंडरला, बूस्ट मागितला किती आणि मिळाला किती, बस. एकाच सिलिंडरला सारखं टायमिंग मागे जात असेल तर पाय काढा आणि ट्यूनरला लॉग पाठवा. सपोर्टचे क्लॅम्प सगळं झाल्यावर, इग्निशन बंद करूनच काढा.