पहिलं सॉफ्ट टॉय हाताने शिवायचंय? मग हत्तीच करा

शिवणकाम नुकतंच सुरू केलंय आणि काय बनवू असं वाटतंय ना, तर माझं ऐका आणि हत्ती करा. टेडी नको, टेडीचं डोकं वेगळं हातपाय वेगळे, पहिल्याच झटक्यात हिरमोड होतो. जर्मनीच्या मार्गारेटे श्टाइफने 1880 मध्ये जो पहिला छोटा हत्ती शिवला तो खरं तर सुया टोचायची उशी म्हणून होता, मुलांनीच त्याचं खेळणं केलं आणि तिथून केवढी मोठी कंपनी उभी राहिली.

मशीन अजिबात लागत नाही. जुनी सुती बेडशीट घ्या, ती धुऊन धुऊन आटलेली असते आणि सुईला मऊ लागते. आईच्या सुती साडीचा करायचा असेल (मी तोच केला, काठाचे कान लावले, फार सुंदर दिसतात) तर कापड विरळ असतं म्हणून आतून मांजरपाटाचं अस्तर लावा नाहीतर शिवण उसवते. जॉर्जेट, सॅटिन सध्या नको, हातात सरकतात.

कागदावर एका बाजूने दिसणारा हत्ती काढा, साधारण 8 इंच लांब, पाय आखूड आणि जाड. सोंड मात्र 2 इंचांपेक्षा बारीक काढू नका, माझी पहिली सोंड बोटाएवढी होती आणि ती उलटवताना टोकाशी फाटलीच.

आता महत्त्वाचं, कापड आधी कापायचं नाही! दुहेरी घडी घाला, सुलट बाजू आत, वर पेन्सिलने आकार गिरवा, टाचण्या लावा आणि त्या रेषेवरच शिवा, शिवून झालं की मग बाहेरून पाव इंच सोडून कापा. कापड हलत नाही, दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. धावदोरा घालू नका, आत भरलं की त्याच्या फटी दिसतात. उलटी टीप घाला, म्हणजे सुई एक टाका मागे टोचायची आणि दुप्पट पुढे काढायची, टाका 2-3 मिलिमीटरचाच. पोटाखाली अडीच इंच उघडं ठेवा, तिथूनच हत्ती सुलट बाजूवर उलटवायचा आणि भरायचा.

उलटवायच्या आधी दोन पायांच्या मधल्या आणि सोंडेखालच्या खोलगट वळणावर कात्रीच्या टोकाने टिपेच्या जवळपर्यंत छोटे छोटे काप द्या, टीप कापू नका. हे काप विसरलात तर तिथे चुण्या पडतात आणि मग कितीही भरा, चुणी जात नाही, सगळी मेहनत तिथेच दिसते.

भरायला उशीत भरतात तो फायबर आणा. साधा कापूस धुतल्यावर गोळे धरतो, वाळतही नाही लवकर. फायबर पिंजून चिमूट चिमूट भरायचा, आधी सोंड, मग पाय, पोट सगळ्यात शेवटी. बोट पोचत नाही तिथे पेन्सिलची बोथट बाजू वापरा. पायांचा वरचा भाग घट्ट भरा नाहीतर हत्ती पोटावर बसतो. मग उघडी जागा छुप्या टाक्याने बंद करा, एकदा या घडीतून एकदा त्या घडीतून, आणि तीन-चार टाके झाले की दोरा ओढा, दोन्ही कडा आपोआप मिटतात, मला तर हा क्षण अजूनही फार आवडतो.

कान वेगळे शिवून शेवटी लावा, शेपटीला दोऱ्यांची वेणी. डोळ्यांना बटण छान दिसतं पण घरात 3 वर्षांखालचं मूल असेल तर बटण, मणी, काही म्हणजे काही नको, तोंडात गेलं तर घशात अडकतं. काळ्या दोऱ्याने भरून डोळा काढा, आणि द्यायच्या आधी एकेक टाचणी मोजून परत डबीत गेलीय ना ते बघा.