जपानी म्हणी वापरताना या चुका टाळा

जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ ही मधली पातळी पास झाली की मुलं म्हणींवर तुटून पडतात. मोबाइलवर ‘रोज एक म्हण’, महिन्यात तीस पाठ, आणि त्यातली एकही धड वापरता येत नाही.

मीही त्यातलाच. पुण्यात दुभाषी म्हणून लागून वर्षही झालं नव्हतं. मार्चमध्ये एका जपानी ग्राहकाला मेल लिहिताना ऐटीत सुरुवात केली: ‘कोहारुबियोरीचे दिवस सुरू झाले...’ को म्हणजे लहान, हारु म्हणजे वसंत, हियोरी म्हणजे छान हवा. शब्द फोडला, अर्थ मिळाला! पलीकडच्या बाईंनी अगदी नम्रपणे विचारलं, ‘तुमच्याकडे आता हिवाळा लागतो का?’

कोहारु हा जुन्या चांद्र पंचांगातला दहावा महिना, साधारण आपला कार्तिक-मार्गशीर्ष. थंडी तोंडावर आलेली असताना मध्येच पडणारं उबदार ऊन म्हणजे कोहारुबियोरी. जपानने १८७३ साली कॅलेंडर बदललं, पण असे शब्द जुन्या महिन्यांनाच चिकटून राहिले. ‘सामिदारे’ची कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, वाचली तर ‘पाचव्या महिन्याचा पाऊस’; पडतो मात्र जूनमध्ये. एकाच विषयावर तुकड्यातुकड्यांनी मेल पाठवले की ‘सामिदारे-शिकी’, म्हणजे सामिदारेसारखं, झालं म्हणून माफी मागतात, ती या थांबून थांबून पडणाऱ्या पावसावरूनच. तेव्हापासून ऋतूचा शब्द आला की मी वहीत आधी महिना लिहितो, मग अर्थ.

दुसरी चूक बेडकाची. ‘काएरु नो को वा काएरु’, बेडकाचं पोर बेडूकच. साहेबांचा मुलगाही इंजिनिअर झाला म्हणून कौतुकाने हे म्हणू नका. इथे बेडूक म्हणजे सामान्य माणूस. स्वतःच्या पोराबद्दल नम्रपणे बोलायला ठीक, दुसऱ्याच्या नाही. ‘सारु मो कि कारा ओचिरु’, माकडसुद्धा झाडावरून पडतं, हेही तसंच. सेन्सेईंची, म्हणजे शिक्षकांची, चूक झाल्यावर धीर द्यायला म्हणालात, तर त्यांना माकड केलंत. सुलेखनासाठी प्रसिद्ध असलेले बौद्ध भिक्षू कोबो दाइशी, त्यांची लेखणीही चुकते, अशी याच अर्थाची सभ्य म्हण आहे. मी तीही वापरत नाही, गप्प बसतो.

‘उगो नो ताकेनोको’, पावसानंतरचे बांबूचे कोंब: एकच गोष्ट भराभर वाढली तर नाही, एकासारख्या एक दहा उगवल्या तर. आपल्या कुत्र्याच्या छत्र्या.

‘उमा नो मिमी नि नेम्बुत्सु’ म्हणजे गाढवापुढे वाचली गीता. तिकडे गाढवाऐवजी घोडा आणि गीतेऐवजी बुद्धाचा नामजप, एवढाच फरक.

‘सुझुमे नो नामिदा’, चिमणीचे अश्रू. यात दुःख शोधू नका, हे तुटपुंज्या रकमेचं माप आहे. माझा पहिला बोनस याच मापाचा होता.