राऊंड ऑफ कुठं करायचं, कुठं हात आवरायचा

"आकडा लांबला की दोन दशांश स्थळांवर तोडायचा आणि पुढं जायचं." शिकवणीला येणाऱ्या निम्म्या पोरांना हे कुणीतरी शिकवलेलं असतं आणि ते विसरायला लावण्यातच माझा जून महिना जातो. राऊंड ऑफ एकदाच करायचं, तेही शेवटी.

आधी प्रश्न वाचा. उत्तर किती दशांश स्थळांपर्यंत हवंय, π साठी 3.14 दिलंय की 22/7, √3 = 1.73 दिलंय का, ते बघा. जे दिलंय तेच वापरा. काहीच दिलं नसेल आणि त्रिज्या 7 च्या पाढ्यातली असेल, तर बिनधास्त 22/7 घ्या. ते 3.14 पेक्षा खऱ्या π च्या जास्त जवळ आहे.

मांडणी करताना अपूर्णांक अपूर्णांकच राहू द्या. समजा करवीर तालुक्यातल्या एक एकराची तीन भावांत वाटणी करायचीय. एकराचे 40 गुंठे, गुंठ्याचे 1089 चौरस फूट. प्रत्येकाला 14,520 चौरस फूट यायला हवेत. 40 ला 3 नं भागून 13.33 लिहिलं की 3.63 चौरस फूट कमी भरतात, 13.3 लिहिलं तर 36.3 आणि नुसते 13 धरले तर 363. एवढ्या जागेत ऐसपैस खोली होते, भाऊ कोर्टात जातील! त्यापेक्षा (40/3) × 1089 असंच ठेवा. 1089 ला 3 नं पूर्ण भाग जातो, राऊंड ऑफची गरजच पडत नाही.

आता खरी घसरणीची जागा: वजाबाकी. गुणाकारात आकडा जितके टक्के चुकला असेल, साधारण तितकेच टक्के उत्तर चुकतं. जवळजवळ सारख्या दोन संख्यांच्या वजाबाकीत तसं होत नाही. पुढचे मोठे अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतं ते नेमकं शेपटाकडचं, जे तुम्ही आधीच तोडून टाकलेलं असतं.

गुजरीतली, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातली एक चपटी बांगडी घ्या. बाहेरची त्रिज्या R 3.04 सेमी, आतली r 2.96. मधल्या वलयाचं क्षेत्रफळ काढायचंय. त्रिज्या एका दशांश स्थळापर्यंत आणल्या की दोन्ही 3.0 होतात आणि बांगडीचं क्षेत्रफळ शून्य! "मग मी त्रिज्या तशाच ठेवतो, वर्तुळांची क्षेत्रफळं तेवढी पूर्णांकात घेतो" म्हणणारा हुशार दरवर्षी एक तरी भेटतो. त्याचे 29 वजा 28 म्हणजे 1 चौरस सेमी. खरं उत्तर 1.5072, म्हणजे एक तृतीयांश बांगडी गेली. इथं वर्ग काढतच बसू नका. π(R + r)(R − r) असे अवयव पाडा: 3.14 × 6 × 0.08. लहान वजाबाकी आधी आणि अचूक होऊन जाते.

छेदात करणी, म्हणजे √3 सारखं न सुटणारं मूळ आलं की हाच घोळ. 1/(2 − √3) मध्ये √3 ला 1.7 ठेवलं तर उत्तर 3.33 येतं, 1.73 ठेवलं तर 3.70. आधी छेदाचं परिमेयीकरण केलं, म्हणजे अंश आणि छेद दोघांना 2 + √3 नं गुणून छेदातलं मूळ घालवलं, की राहतं 2 + √3, आणि त्यात तोच 1.73 घातला तर 3.73. खरी किंमत 3.732. परिमेयीकरण म्हणजे पेपर काढणाऱ्यांनी उगाच लावलेलं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही तीन उत्तरं शेजारी शेजारी लिहून बघावीत.

शेवटचं राऊंड ऑफ मूळ आकड्यावरूनच करा, टप्प्याटप्प्यानं नको. 6.448 चं आधी 6.45 आणि मग 6.5 करणं साफ चूक. एका दशांश स्थळापर्यंत ते 6.4 आहे.

कॅल्क्युलेटर असेल तर मधला आकडा कागदावर उतरवून परत टाकू नका, मेमरीत ठेवा.

शाब्दिक उदाहरण असेल तर नियमाआधी डोकं वापरा. पन्हाळ्याच्या सहलीला 125 पोरं आणि 52 आसनांची बस, तर भागाकार 2.4 येतो. नियमानं 2 लिहिलंत तर 21 पोरं स्टँडवरच राहतील. बस, फरशांची खोकी, रंगाचे डबे असं काही विचारलं असेल तर वरचाच पूर्णांक घ्यायचा.