बाबांचा ४८६ राउटरला जोडताना

नारायण पेठेतलं बाबांचं डीटीपीचं दुकान बंद झालं, पण तिथला ४८६, म्हणजे नव्वदच्या दशकातला पीसी, माझ्याकडे आहे. डॉस ६.२२, विंडोज ३.१ आणि २१० एमबीच्या डिस्कवर जगभराच्या लग्नपत्रिका. फ्लॉपी ड्राइव्ह दहातून चारदा वाचतो. तुमचाही असाच कुरकुरत असेल, तर तो कायमचा बसायच्या आत पीसीत नेटवर्क कार्ड टाकून घ्या, म्हणजे फाइली राउटरमार्गे लॅपटॉपवर आणता येतील.

कव्हर उघडून आधी कार्ड बसवायचे स्लॉट बघा. लांब काळा तो आयएसए, आखूड पांढरा तो पीसीआय. आयएसएसाठी थ्रीकॉमचं ३सी५०९बी किंवा एनई२००० जातीचं रियलटेक ८०१९ चालतं. मला थ्रीकॉमचं मिळालं बुधवारी जुन्या बाजारात, वायरींच्या भेंडोळ्याखाली. विकणारा म्हणाला, "ताई, टीव्हीचं कार्ड आहे." म्हटलं, असू दे. घेताना मागची पट्टी बघायची. नुसतं गोल बीएनसीचं तोंड असेल तर ठेवून द्या. त्याला कोअ‍ॅक्सियल केबल आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर लागतात. आपल्याला आरजे४५ हवं, म्हणजे आजच्या लॅन केबलचं चौकोनी तोंड. सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर घासा, भुगा झटका आणि प्लग काढूनच कार्ड बसवा.

खरा घोळ आयआरक्यूचा, म्हणजे कार्ड ज्यावरून प्रोसेसरला हाक मारतं त्या क्रमांकाचा. दोघांचा एकच असला की भांडण. माझ्या कार्डात आधीच्या मालकाने ३ ठेवला होता. ड्रायव्हर चढला की माउस जागच्या जागी गार! दोन संध्याकाळी मी माउस बदलत बसले. माउस कॉम-२ या सिरियल पोर्टवर, आणि कॉम-२चा आयआरक्यूही ३च. ५ बहुधा साउंड कार्डाकडे असतो, म्हणून १० द्या. थ्रीकॉमचा सेटअप प्रोग्राम साध्या डॉसमधून चालवा: प्लग अँड प्ले बंद, कार्डाचा आय/ओ पत्ता हेक्स ३००, केबल ट्विस्टेड पेअर. सेटिंग कार्डातच राहतं.

आता लॅपटॉपला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावून एका फ्लॉपीवर कार्डाचा पॅकेट ड्रायव्हर (डॉसमधल्या नेटवर्क प्रोग्रामांना कार्डाशी जोडणारा) आणि मायकल ब्रटमन यांच्या एमटीसीपी या डॉसच्या नेटवर्क प्रोग्रामांच्या संचातले डीएचसीपी (राउटरकडून पत्ता घेणारा), पिंग (जोडणी तपासणारा) आणि एफटीपी सर्व्हर (फाइली देणारा) एवढेच प्रोग्राम घ्या. ड्रायव्हरला इंटरप्ट हेक्स ६० द्या (हा सॉफ्टवेअरचा, वरचा आयआरक्यू नव्हे) आणि एमटीसीपीच्या कॉन्फिग फाइलमध्येही तोच लिहा. केबल राउटरला लावून डीएचसीपी चालवल्यावर काळ्या पडद्यावर १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता उमटला की निम्मं काम झालं. कार्डावरचा दिवाच लागला नाही तर केबलला दोष देऊ नका. काही नव्या राउटरांची २.५ गिगाबिटची पोर्टं १० एमबीपीएसला ओळखच देत नाहीत. मध्ये साधा १०/१०० स्विच टाका.

मग एफटीपी सर्व्हर सुरू करून लॅपटॉपवरून फाइली ओढायच्या, बायनरी मोडमध्येच. हेच फ्लॉपीने करायचं तर दीडशेच्या आसपास लागल्या असत्या. पासवर्ड उघडाच जातो, तेव्हा राउटरवर बाहेरून पोर्ट उघडू नका.

आणि फॉन्टची डिरेक्टरी आधी घ्या. या पत्रिका युनिकोडच्या आधीच्या, त्यांची मराठी अक्षरं त्या फॉन्टशिवाय दिसतच नाहीत. मी घाईत नुसत्या फाइली आणल्या, तर "श्री गजानन प्रसन्न"च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी. बाबा चष्मा सारून म्हणाले, "हे कोणाचं लग्न?"