जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलताना

संगणक रखडला की पहिला संशय प्रोसेसरवर जातो, पण बऱ्याचदा दोष त्याचा नसतो. म्हणून आधी टास्क मॅनेजर उघडून ठेवा, रोजचं काम करा आणि आकडे बघा. डिस्क सतत 100 टक्क्यांवर असेल तर एसएसडी बसवा. मेमरी भरलेली असेल तर रॅम वाढवा. या दोन्ही गोष्टी निवांत असताना प्रोसेसर एकटाच 90 टक्क्यांच्या वर अडकत असेल, तरच तो बदलायचा विचार करा.

कुठला प्रोसेसर चालेल?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. असेंबल केलेल्या संगणकात सहसा बाजारात मिळणारा मदरबोर्ड असतो. ब्रँडेड संगणकात बोर्ड आणि बायोस (संगणक सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) कंपनीने स्वतःच्या मॉडेलपुरते बनवून घेतलेले असतात, त्यामुळे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा, जुळला तरी प्रोसेसर चालेलच असं नाही.

विंडोजमधल्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये मॉडेल, बोर्ड आणि बायोसची आवृत्ती मिळते. इंटेलच्या 2011 सालच्या दुसऱ्या आणि 2012 सालच्या तिसऱ्या पिढीचा सॉकेट एकच, एलजीए 1155. चौथ्या पिढीला 1150 लागतो, त्यामुळे ती या बोर्डात बसणारच नाही. 1151 तर सरळसरळ फसवा आहे. सहावी-सातवी आणि आठवी-नववी या चारही पिढ्यांच्या सॉकेटचं नाव तेच, पण सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांवर आठवी चालत नाही.

माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग असा: तुमचं मॉडेल कंपनीने कोणकोणत्या प्रोसेसरसह विकलं होतं ते तिच्या माहितीपत्रकात शोधा आणि त्यातला वरचा निवडा. उदाहरणार्थ, तिसऱ्या पिढीतल्या आय3-3220 मध्ये 2 कोर (काम करणारे भाग) आणि 4 थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं) आहेत, आय7-3770 मध्ये 4 कोर आणि 8 थ्रेड. हा फरक हाताला जाणवतो. मात्र पहिला 55 वॅटचा आहे आणि दुसरा 77 वॅटचा. आय3 सोबत आलेला हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) लहान असेल, तर त्याच मॉडेलचा मोठा हीटसिंकही लागेल. एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, लिहिलेले वॅटही बघून घ्या, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर.

नावाच्या शेवटची अक्षरं नीट वाचा. ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड नसल्यास स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. ‘के’साठी जादा पैसे मोजू नका, कारण ब्रँडेड संगणकांचे बोर्ड सहसा ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगाहून जास्त पळवणं, करू देत नाहीत.

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढे चालतं. तेवढ्यासाठीच तिसऱ्या पिढीत आय3 चा आय7 करणार असाल, तर तो खर्च वाचवा.

बायोस आधी

बायोस अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचं, कारण जुना बायोस नवा प्रोसेसर ओळखेलच असं नाही. मी एकदा हा क्रम चुकवला. पंखे फिरत होते, स्क्रीन काळी होती आणि सगळं पुन्हा उघडून जुना प्रोसेसर परत बसवावा लागला. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्क कुलूपबंद ठेवणारं साधन) चालू असेल तर आधी ते तात्पुरतं थांबवा, रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि डेटाचा बॅकअप घ्या.

प्रत्यक्ष बदल

संगणक 10 मिनिटं चालवून प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट थोडी मऊ होऊ द्या. मग बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. जोडण्यांचा एक फोटो काढा.

पंख्याची वायर सोडवा, हीटसिंकचे स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. हीटसिंक सरळ ओढू नका, डावी-उजवीकडे हलकेच फिरवत उचला. एएमडीच्या एएम4 सॉकेटमध्ये ही काळजी जास्त महत्त्वाची, कारण तिथे पिना प्रोसेसरलाच असतात आणि तो हीटसिंकला चिकटून उपटला जाऊ शकतो. इंटेलच्या एलजीएमध्ये पिना बोर्डावर असतात, तिथे बोटही लावू नका.

खटका उघडून जुना प्रोसेसर काढा. नवा कडेने धरून, कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळवून नुसता ठेवा, दाबू नका. एलजीएचा खटका बंद करताना जोर लागतो आणि करकर आवाज येतो. ते स्वाभाविक आहे.

हीटसिंकवरची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा. प्रोसेसरच्या मधोमध नव्या पेस्टचा वाटाण्याहून लहान थेंब ठेवा. हीटसिंक बसवून स्क्रू पुन्हा तिरप्या क्रमाने आवळा आणि पंख्याची वायर आठवणीने जोडा.

पहिली सुरुवात

संगणक एक-दोनदा आपोआप बंद होऊन सुरू झाला तर घाबरू नका. बायोसमध्ये नव्या प्रोसेसरचं नाव आणि पूर्ण रॅम दिसते का ते बघा. रॅम कमी दिसली तर रॅमच्या पट्ट्या, हीटसिंकचा ताण आणि सॉकेटमधल्या पिना तपासा. मग अर्धा तास जड काम देऊन तापमान बघत राहा. ते 85 अंशांच्या वर टिकून राहत असेल तर हीटसिंक पुन्हा बसवा. जुना प्रोसेसर मात्र लगेच विकू नका, नवा महिनाभर नीट चालेपर्यंत तो डबीत जपून ठेवा.